भिंतीला चुना

(घर विकायचे असले, की ते आधी गिऱ्हाइकाला दाखवावे लागते. दाखवण्यापूर्वी ते झाडतात, पुसतात, रंगवतात. असे करताना घराचे दोष झाकावेत की दाखवावेत? लेखिकेच्या लहानपणी तिच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला. त्या वेळी काय घडले, ते या पाठात तिने सांगितले आहे.)

1996 सालची गोष्ट. मी तेव्हा आठवीची परीक्षा दिली होती. मे महिन्याची सुट्टी सुरू होती. एके रात्री जेवणे झाल्यावर अब्बांनी आम्हा सर्वांना ओसरीवर बोलावले. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "घर विकायचे ठरवले आहे."

कुणीच काही बोलले नाही. खरे तर सगळ्यांना हे माहीत होते. दादा वारले त्याला वर्ष झाले होते. त्यांच्या आजारपणात बरेच कर्ज झाले होते. अब्बा शिंप्याचे काम करत. ओसरीवर त्यांची शिलाई मशीन होती. त्या कमाईत घर चालत असे, पण कर्ज फिटत नव्हते. भाईजानला पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरी लागली होती. सगळ्यांनी तिकडेच जावे, अब्बांनी तिथे दुकान घालावे, असा विचार चालला होता.

आमचे घर जुन्या जालन्यात होते. "जालना, सोन्याचा पालना" असे आमच्याकडे म्हणतात. कुंडलिका नदीच्या एका बाजूला जुना जालना आणि दुसऱ्या बाजूला नवा जालना. आमची गल्ली इतकी अरुंद होती, की समोरून बैलगाडी आली तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावे लागे. घरही लहानच होते. पुढे ओसरी, मध्ये एक खोली, मग स्वयंपाकघर, मागे फरशीचे अंगण आणि अंगणाला लागून एक खोली. या मागच्या खोलीत उन्हाळ्यात फार गार वाटे. आम्ही मुले दुपारी तिथेच झोपत असू.

पण पावसाळ्यात त्या खोलीत कुणी झोपत नसे. पश्चिमेच्या शेजाऱ्यांच्या छताची पन्हळ आमच्या अंगणात उतरत होती. जोराचा पाऊस आला, की त्यांच्या पत्र्यावरचे सगळे पाणी धो धो आमच्याकडे येई. अंगणाची मोरी लहान होती. ती तुंबली, की पाणी मागच्या खोलीच्या भिंतीला लागून साचत राही. मग भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढे. तिचे पोपडे पडत. खोलीत कुबट वास येई. दिवाळीपर्यंत ती भिंत वाळत नसे.

दुसऱ्या दिवशी एक दलाल घर पाहायला आले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि भाईजानला म्हणाले, "घर चांगले आहे, पण असे दाखवू नका. गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत मन ठरवते. पसारा आवरा. सगळीकडे चुना मारा. खिडक्या उघड्या ठेवा. ती मागची भिंत तेवढी नीट करून घ्या. पाऊस यायच्या आत व्यवहार झाला पाहिजे."

झाले! त्याच दिवसापासून आम्ही कामाला लागलो.

अम्मीने आधी माळा रिकामा केला. फुटके कंदील, गंजलेले डबे, दादांची मोडकी छत्री, चिंध्यांची तीन गाठोडी! या एवढ्याशा घरात इतके सामान होते, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हते. स्वयंपाकघराची भिंत चुलीच्या धुराने काळी झाली होती. ती आम्ही सोड्याच्या पाण्याने घासली. शहाबादी फरशीवरचे तेलाचे डाग विटेने घासून काढले. भिंतींतले खिळे उपटले. जुनी कॅलेंडरे उतरवली. कॅलेंडरांच्या जागी चौकोनी, पांढरे ठसे उमटलेले होते. एवढी वर्षे भिंत किती मळली होती, हे त्या ठशांमुळेच कळले.

भाईजानने कळीचा चुना आणला. लोखंडी पिंपात पाणी भरून त्यात चुन्याचे खडे टाकले. खडे पडताच पाणी खदखदू लागले. पिंपातून वाफ निघू लागली. "लांब उभी राहा! डोळ्यांत उडेल," भाईजान ओरडला. चुना रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो फडक्यातून गाळला. भिंतीला धरावा म्हणून त्यात डिंक घातला. पांढरेपणा यावा म्हणून थोडी नीळ टाकली. मग भाईजान कुंचा घेऊन शिडीवर चढला.

ओसरीवरच्या भिंतीपाशी मात्र अम्मीने त्याला थांबवले. मशीनजवळच्या त्या भिंतीवर अब्बा पेन्सिलीने गिऱ्हाइकांची मापे लिहीत. छाती 36, कंबर 32, बाही 23. कुणाचे नाव, कुणाची नुसती खूण. वही हरवते, भिंत हरवत नाही, असे अब्बा म्हणत. त्या मापांत दादांच्या शेवटच्या कुडत्याचे माप होते. आजारपणात ते खूप वाळले होते. छातीच्या जुन्या आकड्यावर काट मारून अब्बांनी शेजारी लहान आकडा लिहिला होता.

अम्मी त्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. मग तिने भाईजानच्या हातातला कुंचा घेतला आणि स्वतःच त्यावरून फिरवला. पहिल्या हाताने अक्षरे पुसट झाली. दुसऱ्या हाताने नाहीशी झाली.

मागच्या खोलीच्या भिंतीसाठी भाईजानने फार मेहनत घेतली. सगळे पोपडे खरवडून काढले. खाली सिमेंटचा हात दिला. त्यावर चुन्याचे तीन हात मारले. मे महिन्याचे ऊन होते. भिंत दोन दिवसांत खडखडीत वाळली आणि अशी पांढरी शुभ्र झाली, की ती कधी ओली झाली असेल असे कुणाला खरे वाटले नसते. तरीही एक कोपरा पिवळट दिसत होता. भाईजानने तिथे पत्र्याची मोठी पेटी सरकवली. पेटीवर अम्मीने भरतकाम केलेली चादर घातली.

दादी दारात बसून हे सारे बघत होती. तिच्या हातात तसबीह होती. ती म्हणाली, "बेटा, पाऊस आल्यावर काय होईल?"

"पाऊस येईपर्यंत घर त्यांचे झालेले असेल, दादी," भाईजान हसत म्हणाला. "आणि आपण खोटे कुठे बोलतो आहोत? कुणी विचारले तर सांगू."

दादी थोडा वेळ तसबीहचे मणी ओढत राहिली. मग म्हणाली, "भिंतीला चुना लाव, बेटा. माणसाला लावू नकोस."

भाईजानचा चेहरा उतरला. "आठ-दहा हजारांचा फरक पडेल, दादी. ते पैसे कुठून आणायचे?" असे म्हणून तो अंगणात निघून गेला. मला त्याचेही म्हणणे पटत होते. कर्ज मागायला येणारे लोक मी पाहिले होते. ते आले, की अब्बा मशीनवरून उठून उभे राहत. ते मला मुळीच आवडत नसे.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आले. ते एक निवृत्त शिक्षक होते. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. आम्ही त्यांना गुरुजी आणि काकू म्हणू लागलो. गुरुजी अब्बांना "टेलरमास्तर" म्हणत. "तुम्ही मास्तर आणि मीही मास्तर," असे म्हणून ते हसले. अब्बाही हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले.

त्यांनी घर पाहिले. ओसरी आवडली. स्वयंपाकघर आवडले. मागच्या खोलीत शिरताच काकू म्हणाल्या, "अहो, किती गार आहे ही खोली! आईंना हीच देऊ या. रस्त्याचा आवाज नाही, धूळ नाही. त्यांच्या दम्याला बरे पडेल."

माझ्या छातीत धस्स झाले. मी भाईजानकडे पाहिले. तो खिडकीबाहेर बघत होता. अब्बा पेटीवरच्या चादरीची सुरकुती नीट करत होते. ती सुरकुती केव्हाच गेली होती, तरी ते हात फिरवत होते.

सगळे ओसरीवर येऊन बसले. अम्मीने चहा दिला. किंमत 1 लाख 10 हजार सांगितली होती. गुरुजींनी घरपट्टीच्या पावत्या पाहिल्या, वीजबिल पाहिले. मग विचारले, "मूळ खरेदीचा कागद आहे का?"

"आहे," अब्बा म्हणाले, "पण तो उर्दूत आहे."

आमच्या मराठवाड्यात जुने कागद असे उर्दूत असतात. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचा कारभार उर्दूत चालत असे. दादांनी हे घर 1350 फसली साली, म्हणजे 1940-41 च्या सुमारास, चारशे हाली रुपयांना घेतले होते. हाली म्हणजे त्या संस्थानात चालणारा रुपया.

गुरुजींनी कागद हातात घेतला. थोडा वेळ ते त्यावर बोट फिरवत राहिले. "लहानपणी शाळेत मला उर्दू होती," ते म्हणाले, "पण आता अलिफ-बेच्या पुढे काही आठवत नाही. आणि हे अक्षर तर फारच वळणदार आहे. मराठीत सांगेल का कुणी?"

अब्बांना उर्दू वाचता येत असे, पण मराठीत नीट सांगणे त्यांना अवघड जाई. भाईजान पुढे सरकला. पण त्याच्या आधी दादी म्हणाली, "मुन्नी सांगेल. तिला हा कागद तोंडपाठ आहे."

ते खरे होते. दादीला वाचता येत नव्हते. दादांची आठवण आली, की ती पेटीतून तो कागद काढी आणि माझ्याकडून वाचून घेई. त्यातले दादांचे नाव ऐकायला तिला आवडे. म्हणून ते जुने अक्षर मला लागत होते. मराठी तर आम्हाला शाळेत होतीच.

मी कागद घेतला आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले. विकणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, घराची लांबी-रुंदी. मग चतुःसीमा. पूर्वेला गल्ली, दक्षिणेला मशिदीकडे जाणारी वाट, उत्तरेला शेजाऱ्याचा गोठा, पश्चिमेला विकणाऱ्याचेच दुसरे घर.

इथे मी थांबले. पुढची ओळ मला ठाऊक होती. पश्चिमेच्या घराच्या छताचे पाणी पूर्वीपासून या घराच्या अंगणातून जात आहे. ते पुढेही तसेच जाईल. घेणारा किंवा त्याचे वारस ते अडवणार नाहीत.

ती एक ओळ गाळली असती तर कुणाला कळले असते? गुरुजींना वाचता येत नव्हते. अब्बा काही बोलले नसते. भाईजान माझ्याकडे एकटक बघत होता. त्याने अगदी थोडी मान हलवली. नको.

मी दादीकडे पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते. पण तसबीहवरची तिची बोटे थांबली होती. तिलाही कागद तोंडपाठ होता. मला त्या दम्याच्या आजी आठवल्या. मी त्यांना पाहिलेही नव्हते, पण त्या ओल्या भिंतीकडे डोके करून झोपल्या आहेत, असे मला दिसू लागले.

मी ती ओळ वाचली. मग मराठीत सांगितली. माझा आवाज कापत होता.

ओसरीवर शांतता पसरली. गुरुजी म्हणाले, "पाणी येते म्हणजे किती येते, टेलरमास्तर?"

अब्बा उठले. "या, दाखवतो," एवढेच म्हणाले. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी चादर काढली आणि पेटी एकट्याने बाजूला ओढली. कोपरा तसाच पिवळा होता. "इथपर्यंत ओल येते," गुडघ्याला हात लावून ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत वाळत नाही. पावसाळ्यात या खोलीत आम्ही कुणी झोपत नाही. हा चुना आठवड्यापूर्वीचा आहे, गुरुजी."

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवर हात फिरवला. अंगणात जाऊन पन्हळ पाहिली, मोरी पाहिली. "विचार करून कळवतो," असे म्हणून ते दोघे निघून गेले.

त्या दिवशी भाईजान जेवला नाही.

आठ दिवस गेले. मग गुरुजी एका गवंड्याला घेऊन आले. त्यांनी अंगण मोजले, उतार पाहिला. नंतर ओसरीवर बसून म्हणाले, "दुरुस्तीला आठ हजार लागतील. तेवढे कमी करा. घर मी घेतो." व्यवहार 1 लाख 2 हजारांना ठरला. विसाराची पावती झाली. जूनमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवले. त्यावर अब्बांनी सही केली आणि दादीने अंगठा उठवला.

"तू वाचलेली एक ओळ आठ हजारांना पडली," भाईजान मला म्हणाला. ते खोटे नव्हते. आठ हजार म्हणजे अब्बांची चार महिन्यांची कमाई होती. पुण्यात दुकान घालताना ओव्हरलॉक मशीन घ्यायची, असे त्यांच्या मनात होते. ती दोन वर्षे घेता आली नाही. कपड्यांच्या कडा अम्मी रात्री हाताने शिवत असे. तिला सुईत दोरा ओवून देताना मला वाटे, हे माझ्यामुळे झाले. अब्बा मात्र त्या गोष्टीविषयी मला कधी एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे मी कायदा शिकले. एके दिवशी 1882 सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा वाचत होते. त्याच्या 55 व्या कलमात असे आहे, की जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, पण घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. घेणाऱ्याने विचारले तरच सांगावा, असे त्यात कुठेही नाही. ते वाचून मी पुस्तक मिटले. दादीला वाचता येत नव्हते. तिने हे कलम एका वाक्यात सांगितले होते.

2003 साली एका लग्नासाठी मी जालन्याला गेले. पाऊस चालू होता. पाय आपोआप आमच्या जुन्या गल्लीकडे वळले. गुरुजींनी मला लगेच ओळखले. "कागद वाचणारी मुलगी!" असे म्हणून त्यांनी मला आत नेले.

मागचे अंगण पाहून मी चकित झाले. पन्हळीखाली सिमेंटचा हौद बांधलेला होता. शेजारच्या छताचे पाणी त्यात पडत होते. हौद भरला, की जादा पाणी फरशीच्या नालीतून थेट गल्लीत जात होते. भिंतीजवळ पाण्याचा थेंबही नव्हता.

"जालन्यात पाण्यासाठी माणसे घागरी घेऊन फिरतात," गुरुजी म्हणाले. "आणि इथे पाणी आपल्या पायाने घरात येते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. शेजाऱ्यांचे छत चाळीस चौरस मीटर आहे. आज वीस मिलिमीटर पाऊस झाला, तर किती लिटर?"

"आठशे," मी म्हणाले. आठवीतल्या मुलीसारखी!

"आधी कळले म्हणून हे करता आले," ते म्हणाले. "घर घेतल्यावर कळले असते, तर शेजाऱ्यांशी भांडलो असतो, तुमच्यावर चिडलो असतो आणि आई त्या खोलीत आजारी पडली असती. तिला आम्ही पुढची खोली दिली. शेवटपर्यंत ती तिथेच होती."

परत निघताना मी ओसरीवर थांबले. भिंतीला आता निळा रंग होता. अब्बांची मापे कितीतरी थरांखाली गेली होती. पण ती कुठे होती, हे मला बरोबर ठाऊक होते.

पुण्याला आल्यावर मी भाईजानला हौदाची गोष्ट सांगितली. त्याने ती दोनदा ऐकली. मग म्हणाला, "आठशे लिटर?" आणि बराच वेळ गप्प बसला.

गेल्या वर्षी भाईजानने आपला फ्लॅट विकायला काढला. घर आवरायला मी गेले होते. आम्ही पडदे धुतले, खिडक्या पुसल्या, रंग दिला. न्हाणीघराच्या छतावर वरच्या मजल्यावरून पाणी झिरपते. रंगाऱ्याने विचारले, "साहेब, हा डाग झाकू का?"

"राहू दे," भाईजान म्हणाला. "तो आधी दाखवायचा आहे."

स्वाध्याय

1. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेचे घर कोणत्या गावात होते?
(आ) मागच्या खोलीच्या भिंतीला ओल का चढत असे?
(इ) घराचा जुना कागद उर्दूत का होता?

2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घर दाखवण्यापूर्वी घरातील माणसांनी कोणकोणती कामे केली?
(आ) कागद वाचताना लेखिका का थांबली? मग तिने काय केले?
(इ) गुरुजींनी घराच्या दोषाचा उपयोग कसा करून घेतला?

3. "चुना लावणे" या शब्दांचे दोन अर्थ सांगा आणि प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.

4. भाईजानचे म्हणणे तुम्हाला पटते का? तुमचे मत आपल्या शब्दांत लिहा.

5. तुमच्या घरात उर्दूत लिहिलेले एखादे जुने पत्र किंवा कागद असल्यास तो मोठ्यांच्या मदतीने वाचा आणि त्यातील मजकूर मराठीत लिहा.